धुतलेली बँडेज

जागृतीनं बँडेज माझ्या टेबलावर ठेवली. ती धुतलेली होती. नुसती धुतलेली नाही, इस्त्री करून घडी घातलेली.

बँडेज म्हणजे जखमेवरची नव्हे. ग्लोव्ह्ज घालण्याआधी मनगटाला आणि बोटांना गुंडाळायची लांब कापडी पट्टी. आमच्या हॉलच्या भिंतीवर ओळीनं खिळे आहेत, एकेकाच्या नावाचे. प्रॅक्टिस संपली की घामेजलेली बँडेज तिथं टांगायची. वास येतो, येऊ द्या. जिंकत असलेली पोरं ती धुवायला घरी नेत नाहीत, जिंकणं धुऊन जाईल म्हणून. वेडेपणा आहे, पण चालत आलाय. जागृतीनं नऊ मॅच मारल्या होत्या आणि बँडेजला पाणी लावलं नव्हतं.

"कोनले तरी द्या, सर. माले आते नही पाह्यजे."

"बठ. चाय पी."

"नको."

सायकल काढली आणि गेली पुरुषोत्तमनगरला, घरी.

मी शहाद्याला शाळेत पी.टी. शिकवायचो. रिटायर झालो, पण बॉक्सिंग सुटलं नाही. एका जुन्या गोडाऊनमध्ये आमचा हॉल आहे. पंचिंग बॅग जागृतीच्या वडिलांनी शिवून दिलेली, साखरेच्या जुन्या पोत्यांची. ते कारखान्यात फिटर आहेत. पोरगी अकरा वर्षांची असताना तिला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन आले होते. आता ती एकोणीस वर्षांची आहे.

ती हरली होती त्याच्या दीड महिना आधी, राज्य स्पर्धेच्या सेमीफायनलला. कशी हरली ते सांगतो. त्यासाठी आधी माझी हुशारी सांगावी लागेल.

रिंगच्या कोपऱ्यात बसणाऱ्या कोचला सेकंड म्हणतात. नियमानं राउंड चालू असताना सेकंडनं सूचना द्यायच्या नसतात. सगळेच देतात. फरक इतकाच की बाकीचे हिंदी-मराठीत ओरडतात, ते समोरच्या पोरीलाही कळतं. मी अहिराणीत ओरडायचो, एका दमात, शब्दाला शब्द चिकटवून. "डावा मार!" "मांगे सरक!" "पोटमा दे, आते दे!" पुण्या-मुंबईच्या पोरी समोर असल्या की मी काय बडबडतोय ते कुणाच्या बापाला कळायचं नाही. रेफ्रीसुद्धा गोंधळून बघायचे. अठ्ठावीस वर्षं हे चाललं. मला त्याचा माज होता.

सेमीफायनलला समोरच्या पोरीच्या पाठीवर 'नाशिक' लिहिलेलं. मी म्हटलं, झालं, शहरातली दिसते. आणि सुरू झालो.

मी "डावा" म्हणायचा अवकाश, ती पोरगी उजवीकडे सरकलेली. मी "पोटमा" म्हटलं की तिचं कोपर पोटाशी. जागृतीचा एक ठोसा धड लागेना. ती गोंधळून माझ्याकडे बघायची आणि मी आणखी जोरात ओरडायचो. पाच जज असतात. पाचही विरुद्ध गेले.

खाली उतरलो तर समोरचा कोच हात मिळवायला आला. हसत म्हणाला, "भाऊ, पोरगी भारी शे तुन्ही. आम्ही सटाणाकडला."

घ्या! सटाणा नाशिक जिल्ह्यातच येतं, आणि तिथं घरोघरी अहिराणी बोलतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आत्याचं सासर तिकडचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. जागृतीलाही नाही. परत येताना तिला म्हणालो, "हार-जीत चालायचीच." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिले पहिलेच समजे, सर. मन्हा हात उठाना आधीच." मी तेव्हा बोलायला हवं होतं.

न हरलेला बॉक्सर विचार करत नाही. जागा दिसली की हात जातो. एकदा हरला की जागा दिसणं आणि हात जाणं यात एक क्षण घुसतो. 'मारू का?' असा. बाहेरून दिसतही नाही तो क्षण, पण स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या मॅचमध्ये, तेवढ्यात समोरचा मारून मोकळा होतो. जागृतीचं तेच झालं. ज्यांना ती हसत हसत मारायची, त्या पोरींचा मार खाऊ लागली. मी म्हणायचो, "कॉन्फिडन्स ठेव." जणू तो मी कपाटातून काढून देणार होतो. मग एका सकाळी ती बँडेज आली.

सरळ सांगतो, मला करमेना. हॉलमध्ये वीस पोरं दोरीवर उड्या मारायची आणि मी दाराकडे बघायचो. तिची दोरी फरशीवर लागायची तो आवाज मला पाठ होता, झपझप, मध्ये श्वास नाही. बाहेर सायकलचा स्टँड वाजला की वाटायचं आली. यायचा तो दूधवाला. तिचा खिळा रिकामा होता. एकानं त्यावर टॉवेल टांगला तर मी त्याच्यावर उगाच खेकसलो. स्वतःच्या पोरीला सासरी पाठवताना मला इतकं जड गेलं नव्हतं, बायकोनं हे बोलूनसुद्धा दाखवलं.

पंधरा दिवसांनी बँडेज खिशात घातली आणि तिच्या घरी गेलो. वडील फर्स्ट शिफ्ट करून आलेले. जागृती ओट्यावर पोलीस भरतीचं पुस्तक घेऊन बसली होती. चहा आला. मी कप हातात धरूनच बोललो.

"त्या दिवशी तुन्ही चूक नव्हती. मन्ही होती. ती पोरगी सटाण्याकडची. तिला तुझे हात कळत नव्हते, माझं ओरडणं कळत होतं."

मला वाटलं, ती हसेल. नाहीतर रडेल. तिनं पुस्तक आपटलं.

"तुमले कव्हय समजनं?"

"त्याच दिवशी."

"दोन महिना, सर! दोन महिना मी आरसामा मन्हा हात पाही ऱ्हायनी. कोठे चुकनी म्हनीसन!"

"जागृती, सरसंगे नीट बोल," वडील म्हणाले.

"बोलू द्या," मी म्हटलं. खाली मुंडी घालून ऐकत राहिलो. मला लागलं ते तिचं ओरडणं नव्हे. ती खरं बोलत होती ते लागलं.

ती थांबली तेव्हा मी पुन्हा हुशारी केली. सवय. म्हटलं, "पुढच्या खेपेला मी उलटं ओरडतो. डावा म्हटलं की तू उजवा मार. फसवू त्यांना."

"नको. तुम्ही काहीच बोलू नका. एक शब्दबी नही. माले पाहू द्या, मी एकली काय करस ते."

मी बँडेज पुढं केली. तिनं ती घेतली.

थंडीत पुन्हा स्पर्धा झाली आणि पुन्हा तीच पोरगी समोर आली. मी टॉवेलचं टोक दातात धरून बसलो. पहिल्या राउंडमध्ये जागृतीनं सवयीनं कोपऱ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघितलं. त्यानंतर तिनं मान वळवली नाही. "आते दे" माझ्या घशात शंभर वेळा आलं. ती मात्र स्वतःच्या वेळेनं मारत होती, आणि मला दिसायच्या आधी तिला जागा दिसत होती. पलीकडे तो सटाण्याचा कोच कान टवकारून बसलेला. त्याला ऐकायला काही नव्हतं.

तीन-दोन. पुन्हा हरली.

म्हटलं, आता ही पोरगी बँडेज धुऊन द्यायलासुद्धा यायची नाही. ती दोरखंडांमधून वाकून खाली आली, तोंडातलं गमशील्ड काढलं, आणि चक्क हसत होती.

"सर, तिसरा राउंडमा मन्हा उजवा हात खाले उना. ती मन्ही चूक. पण आज तिले काहीच समजनं नही!"

सोमवारी सकाळी सहाला हॉलवर गेलो तर सायकल भिंतीला लावलेली आणि ही पायरीवर बसलेली. "तुमले उशीर व्हयना, सर," म्हणाली. दोन तास उजव्या हातावर काम केलं. जाताना तिनं ओली, घामट बँडेज आपल्या खिळ्याला टांगली. मी नाक धरलं नाही.

राउंड चालू असताना सेकंडनं तोंड बंद ठेवावं, हा नियम मी पोरांना शिकवत आलो होतो. पाळायला अठ्ठावीस वर्षं लागली. हरलेल्या पोराला धीर नंतर द्यावा, आधी खरं कारण सांगावं, हे त्याहून उशिरा कळलं. जागृती आता कोपऱ्याकडे बघत नाही. एकदा तरी बघावं असं मला प्रत्येक मॅचला वाटतं. पण बघितलं तर मी ओरडीन, म्हणून नाही बघत तेच बरं.