दरडीवर डोळा

शंखवाल्याची बायको कधी कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायची नाही. माणसं म्हणायची, गर्विष्ठ आहे. गर्व कसला आलाय, नजर वर ठेवायची सवयच जडली होती बिचारीला.

त्यांचा धंदा म्हणजे नदीकाठच्या उंच दरडीतून शंख काढायचे. दगड झालेले, कुठल्या जुन्या काळातले, मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले. अंगावर हिरवी-तांबडी झाक, पाण्यावर तेल सांडल्यासारखी. नवरा दरडीच्या पायाशी बसून कोरायचा आणि ही लांब उभी राहून वरच्या काठावर डोळा ठेवायची. माती सुटली की हाक द्यायची. हाक आली की त्यानं हातातलं टाकून पळायचं, असा त्यांचा कायदा. पण भीती काय दरडीपाशीच थांबते होय? घरीसुद्धा ती कपाटाला पाठ करून बसायची नाही.

एकदा घबाड लागलं. परातीएवढा शंख, अजून दरडीतच रुतलेला. रंग नीट दिसावा म्हणून नवरा तांब्या तांब्या पाणी मारायला लागला.

"अहो, पुरे आता. दरड पाणी पितेय."

"पिऊ दे, तहान लागली असेल. अगं, बघ तरी काय रंग आहे."

"तुम्हीच बघा."

तेवढ्यात वरून चिमूटभर माती सांडली, साखर सांडावी तशी.

"पळा."

"आलो, नुसता डिंक लावतो. उघडा राहिला तर रंगाचे पापुद्रे उडतील."

आणखी माती आली. काठावरचं गवत पुढं वाकलं. हिनं परत हाक मारली, तरी तो हलेना. आणि तो आपला तान्ह्या पोराला तेल चोळावं तसा डिंक चोळतोय. जवळ जावं तर दोघंही गाडली जाणार. मग हिनं पायाजवळचा धोंडा उचलला आणि नेम धरून त्या शंखावरच हाणला. तुकडे तुकडे झाले.

नवरा पिसाळून अंगावर धावला. "डोकं फिरलंय का तुझं?"

हात उगारलेला, आणि मागं दरड धाडकन कोसळली. छिन्नी, डिंकाचा डबा, बसायचं पोतं, सगळं मातीखाली गेलं. धुळीत एकमेकांची तोंडं दिसेनात.

त्याचा हात वरच राहिला. मग मटकन खालीच बसला.

बाईनं दंडाला धरून त्याला ओढलं. "मागं सरका," म्हणाली. "अजून मागं. वर अजून सुटतंय."