मिठाचं मैदान आणि माझं नको

पोटच्या पोरीचा मला हेवा वाटला. एखादा दिवस नव्हे, चांगले पाच महिने. जाऊबाईंचा वाटला असता तर सांगायला लाज नव्हती, जावांचा वाटायचाच असतो. पण आपल्याच मुलीला पाण्यात बघायचं म्हणजे काय, ते मी करून बसलेय, म्हणून सांगते.

ती तेव्हा सत्तावीस वर्षांची. रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये होती, कधी सकाळची शिफ्ट, कधी दुपारची. आमचं घर नदीच्या या अंगाला, अष्टमी गावात. एका रविवारी तिनं हॉलमधलं टीपॉय भिंतीला सारलं आणि जमिनीवर नकाशा पसरला, सतरंजीएवढा. चार कोपऱ्यांवर माझं पोळपाट, तांदळाचा डबा, इस्त्री आणि ह्यांचा एक बूट ठेवला. नकाशा दक्षिण अमेरिकेचा. नोकरी सोडून ती नऊ महिने फिरणार होती. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, बसनं, होडीनं, जमेल तिथं सायकलनं आणि बाकी पायी.

"एकटी?" मी विचारलं.

"वाटेत लोक भेटतात गं."

मला वाटलं, हे तरी आडवे येतील. ह्यांनी पेपर खाली केला, नकाशाकडे बघितलं, म्हणाले, "माझा बूट जपून," आणि पेपर परत वर केला.

मग रोजचंच झालं. शिफ्टवरून आली की जेवण आणि नकाशा. लाल पेनानं रस्ता काढायची. कुठल्या महिन्यात कुठं पाऊस, कुठं बर्फ, कुठली लस मुंबईला जाऊन टोचून घ्यायची, जंगल, वाळवंट आणि थंडी या तिन्हींचे कपडे एका बॅगेत कसे बसवायचे. मी आत चपात्या लाटत असायची आणि कान बाहेर. आठ दिवसांत मला सगळी गावं पाठ झाली. मी सत्तावीस वर्षांची होते तेव्हा ही माझ्या कडेवर होती, आणि माझं जग पेणपासून रोह्यापर्यंत. मधे वडखळला गाडी थांबली की एक वडा खायचा, तेवढं आमचं पर्यटन. मी कधी तक्रार केली नाही, हे खरं. पण तक्रार केली नाही म्हणजे इच्छा नव्हती, असं कुणी सांगितलं?

एके दिवशी तिनं नकाशावर एका जागी गोल केला. "आई, इथं नुसतं मीठ आहे. मैदानच्या मैदान. दिवसभर चाललीस तरी संपायचं नाही."

"करतं कोण एवढं?"

"कुणी नाही. आपोआप झालंय."

ते आपोआप मला फार लागलं. माझं माहेर वडखळच्या पलीकडे, खाडीकाठी. बाप मिठागरात कामाला. हंगामाच्या आधी वाफ्याची जमीन पायानं तुडवून तुडवून घट्ट करायची, मग त्यात भरतीचं पाणी घ्यायचं, उन्हात वाट बघायची आणि मग फावड्यानं मीठ ओढायचं. शाळा सुटली की मी टोपल्या उचलायला जायची. लग्नात पायाला हळद लावली तेव्हा भेगांना इतकी झोंबली की मी रडले, आणि बायका म्हणाल्या, सासरी जायचं म्हणून रडतेय. आणि तिकडं म्हणे आपोआप. आणि बघायला जाणार कोण, तर जिनं मीठ पिशवीतलं सोडून दुसरं पाहिलं नाही, ती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली.

त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात वाल सोलत बसले होते. ती आली, ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, तू येतेस? मिठाच्या मैदानापुरती. सुरुवात तिथूनच करू, दोघी. तीन आठवडे राहू, मग तुला विमानात बसवून देते नि मी पुढे जाते. पासपोर्ट आहेच तुझा."

पासपोर्ट होता. तिनं स्वतःचा काढला तेव्हाच हट्टानं माझाही काढून घेतला होता, घरात असावा म्हणून. माझ्या हातातला वाल खाली पडला. आणि मी काय म्हणावं?

"नको गो. मी कुठं येव? पापडांचे दिवस येतील आता."

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्यात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. चहा घ्या म्हटलं की नको. अगो घे गो, नको. तिसऱ्यांदा कप हातात येतो, तेव्हा घ्यायचा. माझी आई एकदा एका साखरपुड्यातून उपाशी परत आली होती, कारण वाढणारीनं दोनदाच विचारलं. घरी येऊन शिळी भाकरी खाल्ली, आणि पुढं दोन वर्षं त्या घरच्यांना नावं ठेवली. विचारणाऱ्यानं विचारत राहायचं, हे मी पोरीला कधी शिकवलं नव्हतं. ते काय शिकवायचं असतं? आईच्या दुधातून यायला हवं होतं.

मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिले. नुसती नाही बघितली, तयारीही केली. ती उंच जागा आहे, तिथं दम लागतो, हे मी चपात्या लाटताना ऐकलं होतं. म्हणून रोज सकाळी पूल ओलांडून रोह्याच्या बाजारापर्यंत जायचं आणि परत यायचं, भरभर. तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं.

"अरे वा, आई, चालायला लागलीस? तब्येतीला चांगलं असतं," ती म्हणाली. विचारलं नाही.

जुन्या ट्रंकेतला स्वेटर काढून मी तिच्या डोळ्यांसमोर गॅलरीत उन्हात टाकला. म्हणाली, वास येतोय, धुऊन टाक.

मग एका संध्याकाळी तिनं ह्यांना सांगितलं की तिकीट काढलं. एक. आणि सुरुवात आता वरूनच, मीठ नंतर, वाटेत. मी आतून ऐकलं. त्या दिवसापासून तिची प्रत्येक गोष्ट मला खुपायला लागली. नवे बूट आणले, खुपले. आरशासमोर पाठीवर बॅग अडकवून हसली, तेही खुपलं. कुणी कौतुक केलं की मी म्हणायची, हो, हल्लीच्या मुलींना काय, कोण अडवणार. आणि रात्री पडल्या पडल्या स्वतःचीच लाज वाटायची. लाज वाटली म्हणून हेवा कमी होतो असंही नाही.

फेब्रुवारीत पापड सुरू झाले. आम्ही आठजणी. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्या मिळून एकीचे पोह्याचे पापड लाटायचे, आणि पाळी चुकवायची नाही. माझ्या घरची पाळी होती, त्या दिवशी ती शिफ्टला गेलेली. गच्चीवर साड्या, चादरी पसरून झाल्या, तरी पापड उरले. समोरच्या वैनी, आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, म्हणाल्या, "काय कागद-बिगद हाय का गो?"

मी खाली आले. नकाशा कपाटावर गुंडाळून ठेवलेला होता. कागद म्हणून रद्दी होती, मुबलक होती. मी नकाशाच नेला. उलटा नाही, सुलटा पसरला, आणि लाल रेघेवरून एकेक पापड मांडत खाली गेले. तेलाचा हात लावलेले पापड, वर ऊन. वरचा अर्धा खंड भरला. खालचा वाचला, कारण पापड संपले.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी म्हटलं, "चुकून झालं, जुना कागद वाटला."

तिनं नकाशा उजेडासमोर धरला. गोल गोल डागांतून पलीकडची खिडकी दिसत होती.

"असू दे गं, आई," ती म्हणाली. "फोनमध्ये आहे सगळं."

म्हणजे साधं नुकसानही मला जमलं नाही.

निघायच्या आदल्या दुपारी ती बॅग भरत होती. तोच नकाशा तिनं घडी करून बॅगेत टाकला, तेलकट. मी दारात उभी होते. म्हटलं, "तो कशाला नेतेस?"

"पापडांचा वास येतो त्याला. तिकडे बरा वाटेल."

मग मला राहवलं नाही. "चुकून नव्हता टाकला," मी म्हणाले. "मुद्दाम टाकला. मला यायचं होतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग नको का म्हणालीस?"

"तू एकदाच विचारलंस."

ती मटकन खाली बसली, बॅगेशेजारी. "आई, कंपनीत आम्ही एकदाच विचारतो गं. नको म्हणजे नको, असं मला वाटलं. मला वाटलं, तुला मीठ बघायचंच नसेल आता." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हिसाला तेव्हा वेळ उरला नव्हता. आम्ही दोघींनी मिळून बॅग भरली, आणि सकाळी ती गेली.

जून लागायच्या आतली शेवटची पाळी वैनींकडे होती. संध्याकाळी साडेपाचला माझा फोन वाजला. तिकडे सकाळ. व्हिडिओत आधी तिचं लाल झालेलं नाक दिसलं, मग तिनं फोन फिरवला. पांढरं, नुसतं पांढरं, आभाळाला लागेपर्यंत. आठजणींचे हात पोळपाटावर थांबले. मी बघत राहिले. बापाचा आख्खा जन्म त्यातल्या एका कोपऱ्यात मावला असता. हेवा तेव्हाही वाटला, खोटं का सांगू.

"आई, मी चाखून बघितलं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी परत इथे येता आलं, तर तू..."

"येईन," मी म्हणाले.

वैनींनी मला कोपरानं ढोसलं. "अगो, आधी नको तरी म्हन. पोरीला काय वाटंल?"

"वाटू दे," मी म्हणाले, आणि तिकडे नीट ऐकू जावं म्हणून फोन तोंडाशी धरून परत एकदा येईन म्हणाले.