जावईबापू आणि दोन माणसांची कयाक

जावयाला कामाला लावू नये, हा नियम ज्यांनी घातला त्यांनी दोन माणसांची कयाक पाहिली नव्हती.

आमच्या प्राजक्ताच्या लग्नात एक चूक झाली होती. व्याह्यांच्या मेहुण्याला फेटा बांधायचा राहिला. (मेहुणा त्या वेळी गाडी लावायला जागा शोधत होता. डोकंच हजर नाही, तर फेटा कशाला बांधणार?) तेव्हापासून चंदगडहून व्याह्यांचा फोन आला की आवाज गार असायचा, आणि पोरीला सासरी प्रत्येक सणाला तो फेटा ऐकावा लागायचा. त्यामुळे जावई पहिल्यांदाच चार दिवस आमच्याकडे कोल्हापूरला राहायला आले, तेव्हा बायकोने मला बाजूला घेतलं.

"पावण्यांच्या मानात आता तसूभर जरी कमी पडलं," ती म्हणाली, "तर पोरीचं सासर कायमचं तुटलं म्हणून समजा."

माझा बेत सरळ होता. एक दिवस जोतिबा, एक दिवस मटण, उरलेले दोन दिवस झोप. पण प्राजक्ताने मोबाइलवर काहीतरी बघून ठेवलं होतं. त्यामुळे पहाटे घाट उतरून आम्ही कोकणात, एका खाडीच्या तोंडाशी, नारिंगी जॅकेटं घालून उभे होतो. माझ्या जॅकेटचा पट्टा पोटावर पोचत नव्हता. तो दोघांनी ओढून लावला आणि त्यानंतर दिवसभर मी अर्धाच श्वास घेतला.

आमची गाईड म्हणजे तिथलीच एक काटक मुलगी. तिने सगळं समजावून सांगितलं. आधी कड्याखालची गुहा, मग खाडीतून आत खारफुटीचं जंगल. दोघांनी एका तालात वल्हं मारायचं, आणि ओहोटीचं पाणी उतरायच्या आत जंगलातून बाहेर पडायचं. "नायतर होडी चिखलात बसतली," ती म्हणाली. मायलेकी एका कयाकमध्ये बसल्या. दुसरीत पुढे जावई, मागे मी.

जावयांनी लगेच वल्हं उचललं. व्याह्यांचा एकुलता एक मुलगा, आणि मी त्याला होडी वल्हवायला लावणार?

"पावणं, ठेवा ते," मी म्हणालो. "तुम्ही निवांत समुद्र बघा."

"तसं कसं मामा? तुम्ही वडीलधारी. तुम्ही बसा, मी मारतो."

जावई इतके सालस की राग तरी कुणावर काढायचा! मी ऐकलं नाही. एकटाच वल्हवू लागलो. उजव्या हातात जोर जास्त असल्यामुळे (लक्ष्मीपुरीत मोटारपंप विकण्यात आणि उचलण्यात जन्म गेला) आमची कयाक जागच्या जागी गोल फिरू लागली. जावयांना समुद्र दिसला, किनारा दिसला, पुन्हा समुद्र दिसला. शेवटी त्यांना बघवेना म्हणून त्यांनी गुपचूप डावीकडून वल्हं घातलं. मी ते माझ्या वल्ह्याने अडवलं. लांबून बघणाऱ्याला सासरा-जावई लाठीकाठी खेळतायत असंच वाटलं असणार.

गुहेत तर कहर झाला. छत खाली आलेलं. "पावणं, डोकं सांभाळा, डोकं सांभाळा" असं मी ओरडत राहिलो आणि स्वतःचंच डोकं दगडावर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून वाचलो. जावई काळजीने मागे वळले, होडी कलंडता कलंडता राहिली आणि गुहेच्या तोंडात आडवी अडकली. मागे दुसऱ्या पर्यटकांच्या चार कयाकी रांगेत उभ्या. हॉर्न नसतो म्हणूनच ते लोक गप्प होते.

गाईडने मग मला चांगलंच फैलावर घेतलं. दोघांनी मारायचं असं ठरलं. मी मान्य केलं, अगदी मनापासून. पण खारफुटीत शिरल्यावर जावई म्हणाले, मामा, आधी तुम्ही मारा, मी तुमचा ताल धरतो. मी म्हटलं, छे, आधी मान तुमचा. ते म्हणाले, असं कसं? हे सगळं अत्यंत आदराने चाललेलं असताना खाडीतलं पाणी मात्र कुणाचा मान न ठेवता उतरत होतं. दोन्हीकडची मुळं हळूहळू उघडी पडली आणि होडीच्या बुडाला खालून काहीतरी मऊ लागलं.

गाईड लांबूनच ओरडली की कुणीतरी उतरून होडीची दोरी ओढा, उशीर केलात तर संध्याकाळच्या भरतीपर्यंत इथेच. मी ताबडतोब उठलो. म्हणजे उठायला लागलो. होडी अशी डुगडुगली की मायलेकी एकदम किंचाळल्या.

"काका, तुमी हलू नकात," गाईड म्हणाली. "बसान रवा."

तेवढ्यात जावई उतरलेसुद्धा. गुडघाभर काळ्या चिखलात. खांद्यावर दोरी टाकून ते ओढू लागले आणि मी मागे बसून "पावणं, राहू दे, पावणं, थांबा" म्हणत हात हलवत राहिलो. पुढे पाणी खोल होतं त्या वळणापर्यंत त्यांनी मला तसंच नेलं.

प्राजक्ताने नवऱ्याच्या कौतुकाने फोटो काढला आणि दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला. फोटोत तिचा नवरा चिखलात राबतोय, आणि मी आरामात बसून निवडून आलेल्या नगरसेवकासारखा हात हलवतोय.

किनाऱ्याला लागायच्या आत चंदगडचा फोन. मी सगळं सांगितलं. एकट्याने वल्हवलं ते, डोकं आपटलं ते, त्यांच्या मुलाच्या मानासाठी काय काय सोसलं ते. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते समदं खरं असंल," ते म्हणाले. "पर पावणं, तुम्ही बसलाय आन आमचं पोरगं वढतंय, एवढंच दिसतंय की हितं. बसून राहवलं तरी कसं तुमाला?"

 काय सांगणार? सबंध दिवसात त्यांचं पोरगं ओढत होतं तेवढाच वेळ मला कयाकिंग आवडलं होतं!