धोंड्याचं जेवण, दोन ओढे आणि साडूची फोर बाय फोर

धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंचं आवतण आलं आणि त्यासोबत बातमी: धाकटे जावई नवी फोर बाय फोर घेऊन येणार. तिथंच माझं डोकं फिरलं. माझ्या साडूचं, महेशचं, सासरी आधीच भारी कौतुक. आता तर काय विचारता!

आमच्या दोघांच्या बायका आदल्या दिवशीच माहेरी गेल्या होत्या. मी लातूरहून अंबाजोगाईमार्गे केज गाठलं. रस्ता चांगला आहे. माझी छोटी कार केजलाच ओळखीच्या दुकानापुढं लावली, कारण पावसाळ्यात सासरची वाट तिला झेपत नाही. शेअर जीपसुद्धा फाट्यापर्यंतच जाते. स्टँडजवळ महेश भेटला. गरम भजी, चहा, दोघांचं शंभराच्या आत भागलं. पैसे त्यानंच दिले. तेही मला खुपलं. मग त्याच्याच नव्या गाडीतून पुढं निघालो.

फाट्यानंतर नुसता मुरूम, काळा चिखल आणि दोन ओढे. दोन्ही अंगांना हिरवेगार डोंगर, पण माझी नजर त्याच्या डॅशबोर्डवरून हलेना. पहिल्या ओढ्याशी महेशनं गाडी थांबवली ती थांबवलीच. शेळ्या चारणाऱ्या एक बाई हसल्या, "एवढी थोरली गाडी हाय, अन् भेता कावून?"

महेश हळूच म्हणाला, "दादा, तुम्हीच घ्या. मला न्हाई जमायचं."

अहाहा, काय गार वाटलं म्हणून सांगू! जाणार असाल तर ऐका: आधी काठीनं खोली बघा, पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मुकाट परत फिरा. गाडी लो रेंजला, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गिअरला टाका, पाण्यात ॲक्सिलरेटर सोडू नका, पलीकडं गेल्यावर ब्रेक दाबून बघा. मी दोन्ही ओढ्यांतून गाडी अशी काढली की महेशनं टाळ्या वाजवल्या. गाव दिसू लागल्यावर स्टिअरिंग त्याला परत दिलं. झक मारली आणि दिलं!

दारात सासूबाई ओवाळायला उभ्या. "अगं बाई, एवढ्या पाण्यातून आणली गाडी!"

महेश लगेच म्हणाला, "मी न्हाई आई, दादांनी आणली."

सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडली. "बघा, किती मोठ्या मनाचे हायत! सोता आणली, अन् नाव थोरल्यांचं घ्यायलेत."

सगळे हसले. माझी बायकोसुद्धा. जेवताना खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पानात आणखी एक धोंडा पडला.

आता घरी आलोय. वाट झकास आहे, पुरणाचे धोंडे अप्रतिम होते, सगळं खरं. पण पोटातली जळजळ काही जाईना. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला.

"पोचलात का नीट? महेशरावांना सांगितलंय मी. पुढल्या टायमाला तुमाला बी शिकवतील, पाण्यातून गाडी काढायला."