कोरं शिंग

विष्णूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा बायको चहासाठी गॅस पेटवत होती. लायटर टक्‌ टक्‌ वाजत होता, ठिणगी पडत होती आणि गॅस काही पेट घेत नव्हता. पलीकडून पुतणी म्हणाली, "काका, बाबा गेले..." आणि मला ऐकू येत राहिली ती फक्त ती टक्‌ टक्‌. त्याला आता दीड महिना झाला. आमच्या घरात हल्ली काडेपेटी वापरतात. का, ते बायकोने विचारलेलं नाही. आज तिलाही इथेच कळेल.

विष्णूदादा माझा थोरला चुलतभाऊ. संगमेश्वरकडच्या आमच्या गावात शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, टेकली की बंदुकीचा एक बार काढायची रीत आहे. बंदूक जुनी, गारगोटीची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी खालच्या इवल्या वाटीत पडते, वाटीतली रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भडकते आणि तिची आग कानातून, बाजूच्या बारीक भोकातून, आत नळीत शिरते. नळीतली दारू जाडीभरडी असली तरी चालते. रंजक मात्र मैद्यासारखी बारीक आणि ठणठणीत कोरडी लागते. बार काढायचा मान दादाच्या घराकडे होता, परवाना त्याच्या नावावर. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची, तेवढे दिवस दादाला जेवण गोड लागायचं नाही. वहिनी म्हणायची, "सवत माहेरी गेलीय, आता महिनाभर तोंड असंच."

रंजक निवडणं हे त्याचं खरं काम. चकचकीत दाण्याच्या दारूवर त्याचा विश्वास नव्हता. "नटवी आहे मेली, पेटायला नखरे करणार," म्हणायचा. मळकट, बिनचमकेची पूड तो पसंत करायचा. मग परीक्षा. चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर ठेवायची आणि लांबून उदबत्ती लावायची. भस्सकन उडून कागद कोरा राहिला तर पास. काळे चिकट ठिपके पडले, कागद जळला, तर नापास. पास झालेली रंजक बैलाच्या लहानशा शिंगात भरून तो सदऱ्याच्या आत, छातीशी बांधायचा. अंगाच्या उबेत तिला दमटपणा शिवत नाही, म्हणून.

बारा वर्षांपूर्वी ऐन शिमग्यात वहिनी रत्नागिरीला दवाखान्यात होती. दादा तिच्या उशाशी. मी तिथेच, समुद्राकाठी मांडवीला राहतो, दारूची पुडी शहरातून मीच आठवडाभर आधी आणून ठेवली होती. दादाने शिंग माझ्या हातात दिलं. "बाळ्या, मी परस्पर सहाणेवर येतो. परीक्षा तेवढी कर. समुद्राची हवा आहे तुझ्याकडे. नापास झाली तर घरी माझ्या डब्यातली घे."

मी पुडी ठेवली होती स्वयंपाकघराच्या खिडकीत. खारा वारा थेट तिच्यावर. निघायच्या घाईत परीक्षा केली नाही, तशीच शिंगात भरली. आठवण नव्हती असं नाही. कंटाळा केला.

पालखी टेकली. दादा धावतपळत पोचला, शिंग घेतलं. "परीक्षा केलीस ना?"

"केली."

त्याने चाप ओढला. टक्‌. ठिणगी पडली, रंजक नुसती चुरचुरली. वाटी पुसून पुन्हा भरली. टक्‌. ढोल थांबले होते. तिसऱ्यांदाही तेच. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "विष्णूचा हात उतरला आता." एक म्हातारे मानकरी पालखीपुढे हात जोडून उभे राहिले, जणू कुणाच्या तरी हातून गुन्हाच घडला होता. दादाने माझ्याकडे बघितलं... पुरतं बघितलं. मग गावाकडे वळून म्हणाला, "चूक माझी. रंजक मी निवडली."

मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या वर्षी गावाने मान माझ्याकडे दिला. घर तेच, माणूस दुसरा. मी नको-नको म्हटलं, दोनदाच. खरं सांगतो, मला तो हवा होता. पहिला बार दणक्यात झाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, तेव्हा मला आनंद झाला होता. दादाने बंदूक दिली, दारू ठासायचा गज दिला, दारूचा डबा दिला. शिंग दिलं नाही. मनात म्हटलं, राग आहे म्हाताऱ्याला. बरंही वाटलं. तो रागावला आहे म्हटल्यावर माझं ओझं जरा हलकं व्हायचं.

पण रागावलेला माणूस असा वागत नाही. दर शिमग्याला मी वाटी भरण्याआधी तो गर्दीतून पुढे यायचा आणि हळूच विचारायचा, "परीक्षा केलीस ना?" मी म्हणायचो, "केली, दादा." ते आता खरं असायचं. तरी तो क्षणभर तिथेच थांबायचा, पुढचं काही ऐकायचं असल्यासारखा. मग मागे जायचा. अशी अकरा वर्षं.

तेराव्यानंतर वहिनीने शिंग माझ्यापुढे ठेवलं. "तुला द्यायला सांगितलेलं."

हलवलं तर आत काहीतरी सरकलं. बूच काढलं. दवाखान्याच्या चिठ्ठीची घडी निघाली, वर वहिनीचं नाव. मागच्या कोऱ्या बाजूला काळे चिकट ठिपके आणि मधोमध जळलेलं भोक. शिमग्याच्या त्याच संध्याकाळी शिंगातली उरलेली रंजक त्याने कागदावर घेऊन पाहिली होती.

"वहिनी, त्या वर्षी मी..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी म्हणायचे, तुम्ही सांगा की गावाला. तर म्हणायचे, त्याचं तो सांगेल. विचारतोय ना मी दरसाल."

आमच्या गावात वर्तमानपत्राची ही पुरवणी येते, आणि येत्या शिमग्याआधी सगळ्यांनी हे वाचावं म्हणूनच लिहितोय. मान कोणाकडे द्यायचा ते गावाने ठरवावं. विष्णूचा हात उतरला नव्हता, एवढं मात्र लक्षात ठेवावं.

शिंग मी मांडवीच्या घरी आणलं नाही, इथला वारा खारा आहे. वहिनीच्या माजघरात, दादाच्या सदऱ्याच्या खुंटीलाच ते टांगलं आहे. परवा तिथे एकटाच उभा होतो. वहिनी आत चूल पेटवत होती. शिंग हातात घेतलं, सदऱ्यासारखंच गार होतं. आणि तो नेहमीसारखा जवळ येऊन विचारतोय असं वाटलं.

"नाही, दादा," मी म्हटलं. "त्या वर्षी नाही केली."