भाऊसोंची पहिली गाडी

भाऊसो सरगरांचा उभा जन्म स्टिअरिंगमागं गेला, पण त्यातली एकही गाडी त्यांची नव्हती. एकोणिसाव्या वर्षी आटपाडीकडची वाडी आणि वडिलांची मेंढरं सोडून ते सैन्यात ड्रायव्हर म्हणून भरती झाले. चोवीस वर्षं रसदीचे ट्रक चालवले, बर्फातल्या वळणांवरून, एका अंगाला दरी घेऊन. परत आल्यावर इस्लामपुरात एका व्यापाऱ्याची गाडी पंधरा वर्षं चालवली. आठवडाभर त्या थंडगार गाडीत बसायचं, शनिवारी किल्ली बंगल्यातल्या खुंटीला अडकवायची आणि एसटीनं घरी यायचं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक अपघात झाला नाही. याचा त्यांना फार अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

यंदा संक्रांतीनंतर त्यांनी नोकरी सोडली आणि सांगलीच्या शोरूममधून छोटी एसयूव्ही घेतली. पांढरी. शोरूममधली मुलगी पडद्यावर बोट फिरवून फोन कसा जोडायचा ते समजावत होती, आणि भाऊसो बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढून बघत होते. त्यांची बायको दगडाबाई पुढच्या दारापाशी उभी होती. तिनं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मग पाय आत ठेवला.

"आगं, चपला घालून बस की. आपलीच गाडी हाय."

"आपली हाय म्हणूनच काढल्या," ती म्हणाली.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. नवऱ्यानं चालवलेल्या चारचाकीत ती त्या दिवशी पहिल्यांदा बसली. विट्यापर्यंत ती कधी रस्त्याकडं, कधी त्यांच्या हातांकडं बघत राहिली. नंतर हळूच म्हणाली, "तुमी लय भारी चालिवताय की वो."

पहिले पंधरा दिवस वाडीवर दुसरा विषय नव्हता. भाऊसोंचा धाकटा भाऊ ज्योतिबा अजून मेंढरं राखतो. तो रोज सकाळी येऊन गाडीभोवती फेरी मारायचा.

"कशी काय हाय गाडी, दादा?"

"बसायला उंच हाय बघ. पुढचा समदा रस्ता ताटात वाढल्यागत दिसतोय. क्लच तर नुसता पाय टेकवायचा. आपल्या बोळात एका दमात वळती. खड्ड्यातनं मागची बाजू जरा उडती, तेवढंच काय ते."

"आन् आतनं ते बोंबलतंय काय सारखं?"

"पट्टा न्हाई लावला तर बोंबलतीया. आमचा एक सुभेदार हुता, त्याच्यागत हाय."

दगडाबाईनं जन्मभर जाऊ जाऊ म्हटलेली ठिकाणं एकेक करून झाली. खरसुंडीचं देऊळ झालं. तासगावला तिच्या बहिणीकडं गेले, येताना डिकीत बेदाण्याचा खोका होता. तिच्या माहेरी, जतकडं जाऊन आले. जाताना ती वाटेतलं एकेक गाव वाचून दाखवायची. भाऊसोंना वाटायचं, हे आधीच करायला हवं होतं.

नवव्या दिवशी फाटकाच्या खांबाला गाडीचं डावं दार घासलं. भाऊसोंनी खाली उतरून बघितलं. हातभर लांब चरा होता. "खांबच वाकडा बसवलाय गवंड्यानं," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खांब काढून घेतला. दगडाबाईनं खांबाच्या खड्ड्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. पुढच्या आठवड्यात आटपाडीच्या बाजारात डावा आरसा एका हातगाड्याला लागून मिटला. तेव्हाही त्यांनी हातगाडेवाल्यालाच झापलं. एरवी ते कुणावर आवाज चढवायचे नाहीत.

आणि मग फाल्गुनातल्या एका सकाळी ती गोष्ट घडली. दोघं दवंडीच्या माळावरून घरी येत होती. ज्योतिबाचा कळप रस्त्याच्या डाव्या कडेनं चालला होता. भाऊसोंनी वेग अगदी कमी केला. मेंढपाळाच्याच घरात वाढलेले ते, कळपाजवळून कसं जायचं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. दगडाबाई एकदम ओरडली, "आवं, कोकरू!" आणि चाकाखाली काहीतरी मऊ गेलं.

कोकरू सहा-सात दिवसांचं होतं. जागीच गेलं. त्याची आई पुढं येऊन त्याला हुंगत राहिली. ज्योतिबा पळत आला आणि भावाचा चेहरा बघून म्हणाला, "असू दे दादा, आडवं पळालं आसंल." भाऊसो रस्त्यात खाली बसले होते. लहानपणी अशी कोकरं घोंगडीत गुंडाळून त्यांनी कोकणापर्यंत खांद्यावर नेली होती.

"एकदम आलं," ते म्हणाले. "कुठनं आलं काय की."

घरी, दारात गाडी थांबल्यावर दगडाबाई म्हणाली, "एकदम न्हाई आलं ते. उभं हुतं. मी कवाधरनं बघत हुते. मला वाटलं, तुमालाबी दिसतंय."

भाऊसोंनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. "मला न्हाई दिसलं, दगडा," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दोघं मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. गाडी भाऊसोंनीच चालवली, अगदी सावकाश. डावीकडचं दगडाबाई सांगत होती. दवाखान्यात त्यांना एका यंत्रात हनुवटी टेकवायला लावली. आत ठिपके चमकतील, दिसला की बटण दाबायचं. भाऊसो मन लावून बटण दाबत होते. आपलं चांगलं चाललंय असंच त्यांना वाटत होतं. मध्ये मध्ये बराच वेळ ठिपका यायचा नाही, तेव्हा यंत्र विसावा घेत असेल असं त्यांनी धरलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी कागद समोर ठेवला. गोलाच्या डाव्या बाजूला काळंच काळं होतं.

"काका, हा काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. समोरचं तुम्हाला स्वच्छ दिसतं, म्हणून कळलं नाही. कडेचं दिसणं गेलंय, डावीकडचं जास्त. हा दुखत नाही, गुपचूप वाढतो."

"चष्म्यानं यील का परत?"

"गेलंय ते येत नाही. आहे ते टिकवायला रोज थेंब घालायचे, जन्मभर. घरात कुणाला होता?"

भाऊसोंना त्यांची आई आठवली. शेवटी शेवटी ती भिंत चाचपत चालायची. सगळे म्हणायचे, म्हातारपण.

"आईला आसंल," ते म्हणाले.

"मग मुलाचेही डोळे तपासून घ्या. आणि गाडी चालवता का तुम्ही?"

भाऊसो खिशातली किल्ली चाचपू लागले. दगडाबाईच म्हणाली, "आत्ताच घेतलीया. दीड म्हैना झाला न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. भाऊसोंनी घसा साफ केला. "आता आटपाडीपतोर जायाचं हाय. तेवढी नेली तर चालंल का? सावकाश नीन."

"मी हो म्हणू शकत नाही, काका."

त्यांनी मान हलवली. सैन्यातल्या माणसाला हुकूम दोनदा सांगावा लागत नाही. गाडी दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली उभी करून, पहारेकऱ्याला सांगून दोघं स्टँडवर चालत गेली. एसटीत खिडकीशी दगडाबाई बसली. भाऊसोंनी किल्ली मुठीत धरली होती. विटा मागं पडल्यावर दगडाबाईनं पदरानं डोळे टिपले. भाऊसोंना ते दिसलं नाही. ती डावीकडं होती.

मुलगा राजवर्धन शिरवळच्या एका कंपनीत असतो. रविवारी तो आला आणि म्हणाला, "आबा, किल्ली द्या. मी जाऊन गाडी आणतो."

"न्हाई. आधी तुझं डोळं दाखवायचं. मग किल्ली."

"मला स्पष्ट दिसतंय, आबा."

"मलाबी दिसत हुतं," भाऊसो म्हणाले.

सोमवारी बापलेक एसटीनं मिरजेला गेले. राजवर्धननं त्याच यंत्रात हनुवटी टेकवली. कागद आला तो सगळा पांढरा होता. भाऊसोंनी तो खिडकीजवळ नेऊन दोनदा बघितला, डॉक्टरीणबाईंना परत विचारलं आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. बाहेर गाडीवर लिंबाचा पाला पडला होता. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं काच पुसली, चारी चाकांना पाय लावून हवा बघितली आणि किल्ली मुलाच्या हातात दिली.

"दुसरा गिअर जरा अडतोय, ओढायचा न्हाई, थांबून टाकायचा. मोकळ्या रस्त्याला लिटरमागं अठरा देती, जास्त दामटली की कमी. मागं सामान आसलं की उडत न्हाई." सांगता सांगता ते थांबले. सहा आठवड्यांत गाडीबद्दल जेवढं कळलं होतं, तेवढं संपलं होतं.

दोन दिवसांनी राजवर्धन गाडी शिरवळला घेऊन गेला. भाऊसोंनीच सांगितलं होतं, इथं ठेवून काय करायची. राजवर्धन म्हणाला, "दर रविवारी येतो, आई म्हणेल तिकडं जाऊ." दगडाबाईनं मान डोलावली. पण गाडी बोळातून बाहेर पडल्यावर ती पडवीत बसून हुंदके देत रडली. या गाडीसाठी तिनं कधी हट्ट धरला नव्हता. "मला गाडीचं काय न्हाई वो," ती म्हणत होती. "तुमी चालिवताना लय बरं वाटायचं बघायला."

भाऊसो तिच्याशेजारी बसून राहिले.

दुपारी चारला राजवर्धनचा फोन आला, पोहोचलो म्हणून.

"मोगराळ्याच्या घाटात कुठल्या गिअरवर उतरलास?"

"दुसऱ्यावर, आबा. तुम्ही सांगता तसं. ब्रेकवर पायच ठेवावा लागला नाही."

"ऱ्हाईली न्हवं दमात?"

"एकदम. लय भारी गाडी आहे, आबा."

भाऊसोंना आणखी विचारायचं होतं. पण त्यांनी फोन दगडाबाईकडं दिला आणि डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली म्हणून आत जाऊन बाटली शोधू लागले.