साडूभाऊंचं बोट

घरी आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी टीव्हीच्या मागे हात घालून पेन ड्राइव्ह खुपसणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मुलुंडच्या त्यांच्या घरात पाऊल टाकलं की ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, स्वयंपाकघरातून "आलात का?" म्हणेपर्यंत साडूभाऊंनी पडदे ओढलेले असतात, आपण सोफ्यात रुतलेले असतो आणि समोर भिंतभर टीव्हीवर तोंडात अख्खा वडा कोंबलेला मी असतो. माझं थोबाड मुळात लहान आकारात बघायची वस्तू आहे. मोबाइलवर ते खपून जातं. साडूभाऊंच्या टीव्हीवर मात्र माझी दुसरी हनुवटी पहिलीपेक्षा स्पष्ट दिसते. पंगतीत बोटं चाटणारा मी, कणकवली स्टँडवर पँट सावरणारा मी, भाचीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत घोरणारा मी! "अहो, एवढा तरी डिलीट करा ना," मी एकदा काकुळतीला येऊन म्हणालो. "का रे? झकास आलायस की! एकदम नॅचरल!" म्हणत त्यांनी माझं घोरणं झूम करून दाखवलं.

बरं, फोटो क्रमाने यावेत, तर तेही नाही. टीव्ही आपल्या मनाला येईल तसे दाखवतो, त्यामुळे बारशाच्या पाळण्यानंतर साडूभाऊंच्या गुडघ्याचा एक्स-रे येतो, मग विजेचं बिल, मग पुन्हा पाळणा. समालोचन सगळ्यांवर सारखंच. "हा बघ, इथे झिजलाय," हे गुडघ्यालाही आणि चुलत्यांच्या जुन्या स्कूटरच्या टायरलाही. एकदा ते बाथरूमला गेल्याची संधी साधून मी रिमोट दाबत भराभर पुढे पळालो. आल्या आल्या त्यांनी ओळखलं. "मागे घे. अरे, माणसं उभी आहेत तिथे. पोटं आत घेऊन उभी आहेत फोटोसाठी! त्यांना ढकलून पुढे जातोस?" मी निमूटपणे एक्स-रेपर्यंत मागे आलो.

आणि या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक गुलाबी ढग. ते साडूभाऊंचं बोट. कॅमेरे बदलले, मोबाइल आले, बोट कायम. "हे पाहुणे कुठले हो?" असं मी दर वेळी विचारायचो, सगळे हसायचे आणि साडूभाऊ सगळ्यांत जास्त हसायचे.

मध्यंतरी त्यांची साठी आली. ताई म्हणाली, "त्या दिवशी टीव्हीवर फक्त यांचे फोटो लावू. शोधायचं काम तुमचं, तुम्हाला सगळे पाठच आहेत." मी छाती काढून हो म्हटलं आणि पेन ड्राइव्ह घरी आणला. लग्नं, गणपती, डोहाळजेवणं, सहली, सगळं पालथं घातलं. साडूभाऊ कुठेच नाहीत. नातेवाइकांना फोन केले. जो तो म्हणे, "अरे, फोटो तेच काढत होते ना!" वाट लागली. हा माणूस आम्हाला इतकी वर्षं हौसेने उभं करत होता आणि "तुम्ही या ना मध्ये" एवढं कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. माझ्या तोंडात तर वडाच होता.

शेवटी जे होतं तेच लावलं. साठीला घर भरलेलं असताना टीव्हीवर एकामागून एक साडूभाऊंचं बोटच आलं, मोठं करून. पोट धरून हसले सगळे. साडूभाऊ मात्र हसले नाहीत. मला वाटलं, रागावले. मग ते उठून टीव्हीजवळ गेले. "हे देवगडचं. काय वारा होता! आणि हे... पोराला पहिलं बक्षीस मिळालं ना, तेव्हाचं. डोळे भरले होते रे, बोट कुठे जातंय ते दिसलंच नाही." पुढचं बोट आलं, त्याच्या पुढचं आलं. "म्हणजे होतो की रे मी सगळीकडे," ते हळूच म्हणाले. ताईने पदर डोळ्याला लावला. मी घाईघाईने मोबाइल काढला आणि दोघांना उभं करून फोटो घेतला.

पुढच्या रविवारी न बोलावता मुलुंडला गेलो आणि पाणीही न मागता पेन ड्राइव्ह मीच लावला. नवा शर्ट घातलेले, पोट आत घेतलेले साडूभाऊ, शेजारी लाजलेली ताई, आणि कोपऱ्यात एक गुलाबी ढग. माझा! "श्या! माती केली," मी म्हणालो. "परत काढू."

समालोचन नाही, झूम नाही. साडूभाऊ नुसते स्वतःकडे बघत राहिले, आणि मग संकोचून त्यांनी रिमोट उचलला.

"पुढचा लावू?" त्यांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदा.

"थांबा हो," मी म्हणालो. "माणूस उभा आहे ना तिथे."